वेस्टरडाउनच्या पाहुण्यांची वही

१

शनिवारी दुपारी दोन वाजता नेलाआत्यांनी पुडक्याची दोरी कापली आणि आत वही नव्हती.

त्या वेळी वेस्टरडाउन सुट्टीघरांच्या ऑफिसात आम्ही चौघं होतो. नेलाआत्या, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई नेला वाउटर्स, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा मुलगा आद्रियान, जो सगळा कारभार पाहतो. रॉटरडॅमहून न कळवता आलेले फान मेर्टनसाहेब, ज्यांचं भांडवल घेऊन कंपनी आणखी दोन ठिकाणी सुट्टीघरं बांधणार होती. आणि मी, दीना पोप, आरक्षणाच्या टेबलावरची. दारात सामान घेऊन ताटकळलेली जर्मन कुटुंबं होती, कारण शनिवार म्हणजे आमचा बदलीचा दिवस. जुने पाहुणे दहाला घर सोडतात, नवे तीनला येतात, आणि मधल्या पाच तासांत एकशे चाळीस घरं झाडून-पुसून, चादरी बदलून, काटेचमचे मोजून तयार करायची असतात.

"अशी कसली वही आहे ती, बघू तरी," असं फान मेर्टन म्हणाले म्हणून आत्यांनी पुडकं कपाटातून काढलं. दोरी कापल्यावर तपकिरी कागद घडीवर घडी असा अलगद उलगडला, आणि आतून पाव कापायचे दोन कोरे लाकडी पाट टेबलावर घसरले.

आद्रियाननं पाट उलटून पाहिले. "आई, काल संध्याकाळी मी स्वतः बांधली होती."

तेही मी पाहिलं होतं. शुक्रवारी सहा वाजता त्यानं ती जाड हिरवी वही कोबीचा गड्डा गुंडाळावा तशी कागदात गुंडाळली, टोकं चुरगाळून आत कोंबली, वरून दोरी आवळली आणि पुडकं कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप होतं, पण त्याची किल्ली घरांच्या किल्ल्यांच्या फळीवरच टांगलेली असे. आमच्याकडे चोरी कधी झालीच नव्हती.

"सोमवारी दहाला सुनावणी आहे," आद्रियान म्हणाला. "वही नसेल तर सहा घरं गेली."

फान मेर्टननी खिडकीतून वाळूच्या टेकड्यांकडे पाहिलं. ती सहा जुनी घरं तिथेच आहेत, आणि पोहण्याचा तलाव तिथेच बांधावा असं ते वर्षभर सांगत होते.

२

त्या सहा घरांपासूनच सगळं सुरू झालं. नेलाआत्यांचे यजमान एकोणीसशे त्रेपन्नच्या महापुरात गेले. शेतात खारं पाणी शिरलं. उरली ती फक्त समुद्राकाठची वाळूची टेकडी, जिला कुणी फुकट घेतलं नसतं. चोपन्नच्या उन्हाळ्यात आत्यांनी मोडलेल्या लष्करी बराकींची लाकडं आणून तिथे सहा घरं उभी केली. परवाना नाही, नकाशा नाही. घरात चूल, सहा ताटं, सहा वाट्या. पाहुण्यांनी यावं, आपलं आपण रांधावं, जाताना भांडी घासून ठेवावीत. पहिल्याच उन्हाळ्यात जर्मनीतले खाणकामगार बायकामुलांसकट आले. पुढच्या वर्षी ते शेजाऱ्यांना घेऊन आले. टेकडीमागच्या सपाट जागेवर भर पडत सहाची वीस झाली, विसाची साठ, आणि त्या वर्षी, एकोणऐंशी साली, एकशे चाळीस.

अडचण एवढीच की छपन्नच्या जानेवारीपासून टेकड्यांवर नवी घरं बांधायला बंदी आली. त्याआधीची घरं राहणार, नंतरची पाडणार. आणि आमची सहा घरं आधीची आहेत याचा पुरावा म्हणजे ती पाहुण्यांची हिरवी वही. तेवढी एकच.

"पोलिसांना बोलावू," आद्रियान म्हणाला.

"पोलीस नकोत," आत्या म्हणाल्या. "इझाकला बोलाव."

इझाक डिंगमान्स हे आमच्या बेटावरचे निवृत्त बांध-निरीक्षक. चाळीस वर्षं त्यांनी समुद्राच्या बांधावरून सायकल चालवली आणि कुठे पाझरतंय ते शोधलं. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. खिशात कायम पेपरमिंट असतात. त्यातलं एक समोर धरल्याशिवाय ते कुणाला प्रश्न विचारत नाहीत.

"शनिवारी कुणाला वेळ नसतो," सगळं ऐकून ते म्हणाले. "आज तुम्ही घरं लावा. उद्या चर्च सुटल्यावर येतो. आणि दीना, ते पाट आणि तो कागद, दोन्ही फेकू नकोस."

मी टोपलीतून कागद काढला. त्यांनी तो बराच वेळ उजेडात धरला, मग घडीवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "पाणी जिथे दिसतं ना, तिथे ते शिरलेलं नसतं."

३

रविवारी सकाळी नेलाआत्यांच्या स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता आणि वातावरण मात्र सुतक असल्यासारखं.

इझाककाकांनी सोबत पुठ्ठ्याची चार खोकी आणली होती. "माझ्या बहिणीला जुन्या फरश्या पाठवायच्यात," ते म्हणाले. "माझे हात थरथरतात. बोलता बोलता जरा एकेक गुंडाळून द्याल?"

पहिला आद्रियान बसला.

"वही आईच्या पेटीतून तूच काढलीस?"

"हो. शुक्रवारी दुपारी. आई त्याआधी कुणाला हात लावू देत नव्हती."

"वाचलीस?"

"पहिली दोन-चार पानं. जर्मन नावं, तारखा. आईचं अक्षर तर देवालाही लागणार नाही." त्यानं कागद खोक्याभोवती ओढला, टोकं चुरगाळली. "सोमवारी वर्तमानपत्रवालाही येणार आहे, पानांचे फोटो काढायला. पंचवीस वर्षांचा सोहळा आहे ना आमचा. हे मी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलंही होतं."

"सहा घरं गेली तर तलाव होईल. तुलाही तलाव हवाच होता म्हणे."

आद्रियाननं मान वर केली. "काका, मी त्या घर नंबर एकमध्ये वाढलो. तलाव मला हवाय. पण आईच्या छातीवर खणून नकोय."

फान मेर्टन आले तेव्हा त्यांनी खोक्याकडे असं पाहिलं जणू ते चावेल. त्यांच्याकडे ही कामं दुसरं कुणी करतं. शुक्रवारी रात्री ते रॉटरडॅममध्ये तीस माणसांबरोबर जेवत होते. "मला ती घरं नकोत, हे मी तोंडावर सांगतो," ते म्हणाले. "जे तोंडावर सांगता येतं त्यासाठी मी कपाटं उघडत नाही."

मग मारिनस. आमचा देखभालवाला, गॅसच्या टाक्या, गळके नळ, सगळं तोच बघतो. कोठाराची किल्लीही त्याच्याच कमरेला. ते कोरे पाट कोठारातलेच होते, त्यामुळे आद्रियानचा संशय पहिल्यापासून त्याच्यावर.

"पाट तू दिलेस?" काकांनी विचारलं.

मारिनस गप्प.

"कोठार कुणी उघडलं शुक्रवारी?"

मारिनसनं खोकं गुंडाळलं, दोरीला कोळ्याची गाठ मारली आणि उठला. "मला नोकरीवरून काढा हवं तर," तो म्हणाला. "मी बोलणार नाही."

"बघितलंत?" आद्रियान उसळला. "हाच तो!"

काकांनी पेपरमिंट चघळलं. "आद्रियान, या माणसाला मी तीस वर्षं ओळखतो. नळाचा वॉशर बदलला तरी अर्धा तास सांगत बसतो. आज तो गप्प आहे. स्वतःला वाचवायला माणूस बडबडतो. गप्प बसतो तो दुसऱ्यासाठी."

४

शेवटी आली तोना. चादरी, उशांचे अभ्रे, साफसफाईच्या बारा बायका, हे सगळं तिच्या हाताखाली. शेहेचाळीस वर्षांची, सरळ पाठीची. माझ्या पहिल्या आठवड्यात तिनंच मला पलंग लावायला शिकवला होता, आणि माझी चादर पाच वेळा ओढून काढली होती.

"शुक्रवारी साडेसहाला तू ऑफिसात होतीस?"

"दर शुक्रवारी असते. किल्ल्यांच्या फळीवरून शनिवारची यादी करते. दीना मागच्या खोलीत फोनवर होती."

"मुलगी काय म्हणते? यीका ना?"

तोनाचे हात थांबले. "झिरिकझेच्या शाळेत शिकवते. ऑक्टोबरमध्ये लग्न आहे. तिचा होणारा नवरा बातमीदार आहे. सोमवारी तोच येणार आहे फोटो काढायला."

"जावई चांगला मिळाला."

"हो."

एवढं बोलून ती निघून गेली. काकांनी चारही खोकी ओळीनं मांडली. "दीना, काय दिसतं?"

मी पाहिलं. आद्रियानचं खोकं कोबी. फान मेर्टनचं उघडंच. मारिनसचं कोळ्याच्या गाठीचं. आणि तोनाचं… कागदाची बाजू आधी तिरकी आत, मग खालची वर, मग सगळं दाबून सपाट. पलंगाच्या पायथ्याशी आम्ही चादर खोचतो अगदी तशी.

माझ्या डोळ्यांपुढे शनिवारचं पुडकं उभं राहिलं. घडीवर घडी असा अलगद उलगडलेला कागद. तो आद्रियानचा असूच शकत नव्हता.

"पण अशी घडी मलाही येते," मी म्हणाले. "तोना सोडून आम्हा तेराजणींना येते."

"येते. पण तुम्हा तेराजणींपैकी कुणासाठी मारिनस नोकरी घालवेल? तोनासाठी मात्र घालवेल." काका उठले. "आणि एक लक्षात घे. ज्याला ती घरं पाडायची आहेत तो वही शेगडीत टाकेल आणि मोकळा होईल. पुडक्यात वजन भरून, ते पुन्हा बांधून कोण ठेवतं? ज्याला सोमवारच्या आत वही गुपचूप परत आणून ठेवायची आहे तो. फान मेर्टन अचानक टपकले नसते तर तिनं ठेवलीही असती. तिला वही नकोच होती."

"मग काय हवं होतं?"

"एखादं पान, जे जावयानं छापलेलं तिला चालणार नाही," काका म्हणाले. "चल."

५

चादरींच्या खोलीत साबणाचा आणि उन्हाचा वास येतो. तोना टेबलापाशी बसली होती. समोर हिरवी वही, शेजारी कापड कापायची मोठी कात्री. आम्हाला पाहून ती दचकली नाही.

"परवापासून तीनदा कात्री धरली," ती म्हणाली. "हात चालत नाही."

वही उलटी उघडलेली होती. मी जवळ गेले आणि मला कळलं की ती दोन्हीकडून लिहिलेली आहे. पुढून उन्हाळा: जर्मन पाहुणे, तारखा, आभार. मागून उलट्या बाजूनं हिवाळा, आणि ते सगळं नेलाआत्यांच्या अक्षरात.

"हिवाळ्यात घरं रिकामी असायची," तोना म्हणाली. "पुरानं घर गेलेली माणसं होती, दुसऱ्या कारणानं घर गेलेलीही होती. आत्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. मारिनस सहा नंबरमध्ये होता, त्याचं शेत गेल्यावर. मी चारमध्ये. वाच."

मी अडखळत वाचलं. *नोव्हेंबर १९५४. तोना, सहा महिन्यांच्या मुलीसह. नवऱ्यानं हात मोडलाय. एप्रिलपर्यंत राहील. तो आला तर मी दारात उभी राहीन.*

"यीकाला मी सांगितलंय की तिचा बाप बोटीवर बुडाला," तोना म्हणाली. "आणि तिचाच नवरा त्या पानाचा फोटो छापणार. मला कळेना काय करू. मारिनसकडून चादरी मोजायला म्हणून किल्ली घेतली आणि पाट काढले. बिचाऱ्याला नंतर कळलं असणार."

"आत्यांना सरळ सांगायचं ना," काका म्हणाले.

"ज्या बाईनं माझ्यासाठी दारात उभं राहायचं कबूल केलं, तिला मी काय सांगू? तुमची घरं जाऊ देत, माझं नाव झाका?" तिनं डोळे पुसले. "रात्रभर कापायला बसले होते. मग पान उलटलं. आणि दीना, मागच्या बाजूला तू होतीस."

तिनं पान उलटलं.

*१८ जानेवारी १९५५. घर तीन. पोप जोडप्याला पहाटे मुलगी झाली. बर्फामुळे सुईण पोचली नाही, तोनानं एका हातानं सगळं केलं. नाव दीना.*

मी समोरच्या खुर्चीत बसले आणि ते पान पुन्हा वाचलं. चार वर्षं मी दर शनिवारी घर नंबर तीनची किल्ली पाहुण्यांच्या हातात ठेवत होते.

६

वही आम्ही नेलाआत्यांपुढे ठेवली. तोनानं सगळं सांगितलं. आत्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी वही स्वतःच्या पेटीत टाकून झाकण लावलं.

"आई, फक्त पुढची पानं दाखवू," आद्रियान म्हणाला.

"ते अख्खी वही मागतील," इझाककाका म्हणाले. "आणि मागचं कापलं तर कापलेल्या वहीला कोण पुरावा मानेल?"

"मग नाही दाखवत," आत्या म्हणाल्या. "माझ्याकडे आलेल्यांना मी वचन दिलंय. सहा घरं लाकडाची आहेत. जातील तर जातील."

"आत्या, नका हो असं करू," तोना म्हणाली.

"तू गप्प बस. ही चोरी आद्रियाननं केली असती तर थोबाडीत मारली असती. तुला फक्त रागावते."

सोमवारी दहा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात नेलाआत्या रिकाम्या हातानं उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "घरं छपन्नच्या आधीची आहेत याला काही पुरावा, बाई?"

"नाही," आत्या म्हणाल्या.

फान मेर्टननी टाय सरळ केला. अधिकाऱ्यानं लेखणी उचलली. आणि मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तोना उभी होती. तिच्या शेजारी कॅमेरा मांडीवर घेऊन तिचा होणारा जावई बसला होता. "मी राहिलेय तिथे," ती म्हणाली. "घर नंबर चार. चोपन्नच्या नोव्हेंबरपासून. नवऱ्याच्या मारातून पळून आले होते. माझा हात मोडला होता. या बाईंनी मला घर दिलं."

तोनानं रविवारी संध्याकाळीच मुलीला फोन करून सगळं सांगितलं होतं. यीकानं काही न बोलता फोन ठेवला होता, आणि त्यानंतर तोनाला झोप लागली नव्हती.

दारातून एक आवाज आला. "मीही होते." यीका उभी होती, अंगात कोट, शाळा सोडून आलेली. "घर नंबर चार. सहा महिन्यांची." ती चालत गेली आणि आईच्या दंडाला धरून उभी राहिली. जावयानं कॅमेरा पिशवीत घातला आणि पिशवीची चेन ओढली.

मग मारिनस उठला. "सहा नंबर," तो म्हणाला, आणि नंतर पाच मिनिटं थांबेचना. छत कसं गळायचं, चूल कशी धुमसायची, सगळं. त्याच्यामागून बेकरीवाला. चर्चचा घंटावाला. दोन म्हाताऱ्या बहिणी, ज्या एकमेकींशी वर्षभर बोलत नव्हत्या, एकदमच उठल्या. मी मोजायचं सोडून दिलं.

"हे सगळं ठीक आहे," अधिकारी म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला होता. "पण मला कागद लागतो."

मी उभी राहिले. "कागद तुमच्याच कपाटात आहे, साहेब. जन्मनोंद, अठरा जानेवारी पंचावन्न, पोप. जन्माचं ठिकाण तुमच्याच कारकुनानं लिहिलं असेल."

ते शोधायला वीस मिनिटं लागली. नोंदवहीत अगदी स्पष्ट अक्षरात होतं: *टेकडीवर, विधवा वाउटर्स यांचं घर क्रमांक तीन.* अधिकाऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं, टाकानं काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "घरं राहतील."

बाहेर पायऱ्यांवर फान मेर्टननी टोपी काढून नेलाआत्यांशी हात मिळवला. "तलावासाठी दुसरी जागा बघू," ते म्हणाले. "ज्यांच्या बाजूनं एवढी माणसं उठतात अशा कंपनीत मी याआधी पैसे घातलेले नाहीत." तलाव पुढच्या वर्षी पार्किंगच्या जागी झाला. आता आमच्या सुट्टीघरांची पाच गावं आहेत.

पण त्या दिवशी मी सरळ घरी गेले. आई बटाटे सोलत होती. गुडघ्यांमुळे ती सुनावणीला आली नव्हती.

"मी कुठे जन्मले?" मी विचारलं.

तिचा चाकू थांबला. "तुझ्या बाबांना लाज वाटायची," ती म्हणाली. "फुकट राहिलो म्हणून. मग मलाही बोलता आलं नाही. आणि नेलाबाईंना एकदा धड आभारही म्हटले नाहीत, दीना. चोवीस वर्षं झाली."

"आज म्हटले."

"कुणी?"

"आपण सगळ्यांनी."

आईनं शेजारची खुर्ची पायानं पुढे ढकलली. "बस," ती म्हणाली. "त्या दिवशी बर्फ किती पडला होता, ते तुला सांगते."